वाळली वैरण : छोट्या गोठ्यासाठी कडबा, भुसा आणि गवत यांचे नियोजन

दोन-तीन जनावरांपासून दुग्धव्यवसाय सुरू करणारे बहुतेक जण आधी गाई पाहायला जातात, मग गोठ्याचे पत्रे आणतात, त्यानंतर संकरित नेपियर या चाऱ्याच्या गवताच्या कांड्या लावतात आणि गाय दावणीला येऊन उभी राहिली की सगळ्यांत शेवटी कडब्याची चौकशी करतात. हा क्रम उलटा असला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. गाय बाराही महिने कोणत्या ना कोणत्या बाजारात विकत मिळते; चांगली वाळली वैरण मात्र वर्षातून एकदा, सुगीच्या महिना-दीड महिन्यातच वाजवी दरात मिळते. म्हणून आधी वर्षभराच्या वैरणीचा हिशेब करावा, मग ती कोठे रचायची ते ठरवावे आणि त्या गंजीवर जेवढी जनावरे जगतील तेवढीच बांधावीत. पुढील विवेचन मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानातील रब्बी ज्वारीचा पट्टा डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. कोकणात कडब्याच्या जागी भाताचा पेंढा आणि विदर्भात सोयाबीनचे, तुरीचे व हरभऱ्याचे भुसकट येईल, परंतु हिशेबाची रीत तीच राहील.

वाळली वैरण कशासाठी लागते

हिरव्या चाऱ्याने दूध वाढते आणि कडब्याने नुसते पोट भरते, अशी समजूत नवख्यांमध्ये सर्रास आढळते. ती अपुरी आहे. गाय, म्हैस, शेळी आणि मेंढी ही रवंथ करणारी जनावरे आहेत. त्यांच्या पोटाच्या चार कप्प्यांपैकी सर्वांत मोठ्या कप्प्यात असंख्य सूक्ष्मजीव राहतात व तेच चाऱ्यातील तंतू कुजवून जनावराला ऊर्जा मिळवून देतात. तंतुमय आणि जरा भरड चारा पोटात असला तरच जनावर नीट रवंथ करते, रवंथ करताना भरपूर लाळ सुटते आणि त्या क्षारयुक्त लाळेमुळे पोटातील आम्लता आवाक्यात राहते. वैरण कमी आणि पेंड, भरडा किंवा कोवळा हिरवा चारा जास्त झाला, की आम्लता वाढते, शेण पातळ होते, खूर दुखू लागतात आणि दुधाची फॅट उतरते, कारण दुधातील स्निग्धांशाचा मोठा भाग तंतूंच्या पचनातून तयार होणाऱ्या ॲसेटिक आम्लापासून बनतो. संकलन केंद्रावर फॅट एकाएकी घसरली, तर पेंड बदलण्याआधी गव्हाणीत वाळली वैरण किती पडते, ते पाहावे.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ज्वारीच्या कडब्यात प्रथिने सुमारे ३ ते ५ टक्के एवढीच असतात आणि भाताच्या पेंढ्यात ती बहुधा त्याहूनही कमी भरतात. नुसत्या कडब्यावर जनावर तग धरते, दूध मात्र देऊ शकत नाही. वैरण हा आहाराचा पाया आहे. त्यावर हिरवा चारा, खुराक म्हणजे पेंड-भरडा, क्षार मिश्रण आणि पाणी यांची जोड द्यावीच लागते.

कोणती वैरण कशी ओळखावी

रब्बी ज्वारीचा, त्यातही मालदांडी म्हणजे एम ३५-१ या वाणाचा कडबा आमच्याकडे सर्वांत उत्तम मानला जातो, कारण त्याचा दांडा गोडसर असतो आणि पाला पेंढीला धरून राहतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या फुले वसुधा, फुले सुचित्रा, फुले रेवती यांसारख्या वाणांचा आणि परभणीच्या विद्यापीठाच्या परभणी मोतीचा कडबाही जनावरे आवडीने खातात. खरीप ज्वारीचा कडबा काढणीच्या वेळी पावसात सापडतो व काळा पडतो, म्हणून तो स्वस्त असतो. परंतु तो स्वस्त का आहे, याचा विचार घेणाऱ्याने केला पाहिजे.

गव्हाचा भुसा साठवायला सोपा असतो, पण त्यात कस फार थोडा असतो आणि धूळ फार असते. भाताच्या पेंढ्यात सिलिका व ऑक्झॅलेट यांचे प्रमाण जास्त असल्याने तो सावकाश पचतो आणि शरीरातील कॅल्शियम बांधून ठेवतो, म्हणून पेंढ्यावरच्या जनावरांना क्षार मिश्रण कधीही चुकवू नये. हाच धोका उसाच्या वाड्यात, म्हणजे तोडणीनंतर उरणाऱ्या शेंड्याकडच्या हिरव्या पाल्यात आहे. साखरपट्ट्यात गळीत हंगामात वाडे जवळजवळ फुकट मिळतात म्हणून महिनोन्महिने तेवढ्यावरच जनावरे ठेवली जातात आणि पुढे विण्याच्या सुमारास गाई खाली बसतात व उठत नाहीत. वाडे एकूण चाऱ्याचा एक भाग म्हणून द्यावेत, सगळा चारा म्हणून देऊ नयेत.

तूर, हरभरा, मूग आणि उडीद यांचे भुसकट द्विदल पिकांचे असल्यामुळे कडब्यापेक्षा प्रथिनांनी सरस असते. तुरीच्या पाल्याचे भुसकट शेळ्या अगदी वेचून खातात. सोयाबीनचे भुसकट मात्र टोचरे असते आणि मळणीयंत्रातून येताना बरीच माती घेऊन येते, म्हणून मी ते एकूण वाळल्या वैरणीच्या एक तृतीयांशाहून अधिक घालत नाही आणि घालण्याआधी चाळून घेतो.

वर्षाचा हिशेब

हिशेबाची सुरुवात जनावराच्या वजनापासून होते. वजनकाटा नसला तरी टेपने काम भागते. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचांत मोजावा, खांद्याच्या टोकापासून माकडहाडाच्या टोकापर्यंतची लांबी इंचांत मोजावी, घेराचा वर्ग करून त्याला लांबीने गुणावे आणि आलेल्या संख्येला ६६० ने भागावे. उत्तर किलोत येते. उदाहरणार्थ, घेर ६६ इंच आणि लांबी ६० इंच असलेली गाय सुमारे ३९६ किलोंची, म्हणजे व्यवहारात ४०० किलोंची धरावी.

दुभत्या संकरित गाईला आणि म्हशीला वजनाच्या २.५ ते ३ टक्के, देशी गाईला २ ते २.५ टक्के आणि शेळीला ३ ते ५ टक्के शुष्क पदार्थ दररोज लागतात. शुष्क पदार्थ म्हणजे चाऱ्यातील पाणी वजा जाता उरणारा भाग. कडब्यात तो साधारण ९० टक्के असतो, तर हिरव्या नेपियरमध्ये २० टक्क्यांच्या आसपासच असतो. पाच किलो हिरव्या चाऱ्यात जेवढे खरे अन्न असते, जवळपास तेवढेच एक किलोहून थोड्या जास्त कडब्यात असते. हे एकदा लक्षात आले की टोपलीभर हिरवा चारा खाऊनही गाय भुकेली का राहते, याचा उलगडा होतो.

आता ४०० किलोंची, दिवसाला १० लिटर दूध देणारी संकरित गाय घेऊ. तीन टक्क्यांप्रमाणे तिला १२ किलो शुष्क पदार्थ हवेत. शरीरपोषणासाठी दीड किलो आणि दुधाच्या प्रत्येक लिटरमागे ४०० ग्रॅम या प्रमाणे तिचा खुराक साडेपाच किलो होतो व त्यातून सुमारे ५ किलो शुष्क पदार्थ मिळतात. हिरवा चारा १५ किलो असेल, तर त्यातून ३ किलो मिळतील. उरलेले ४ किलो कडब्यातून यायला हवेत, म्हणजे तिने साडेचार किलो कडबा प्रत्यक्ष खाल्ला पाहिजे आणि गव्हाणीत थोडे उष्टे उरणार हे धरून ५ किलो घातला पाहिजे. उन्हाळ्यात विहीर आटून हिरवा चारा ५ किलोंवर आला, की हाच आकडा ७ किलोंच्या पुढे जातो. म्हणून वर्षाची सरासरी मी एका दुभत्या गाईमागे ६ किलो आणि म्हशीमागे ७ किलो धरतो.

समजा, गोठ्यात दोन गाई, एक पंढरपुरी म्हैस, एक कालवड आणि चार उस्मानाबादी शेळ्या आहेत. गाईंचे १२, म्हशीचे ७, कालवडीचे ३ आणि शेळ्यांचे मिळून ३, असे दररोज २५ किलो होतात. वर्षाचे ९,१२५ किलो झाले. वाहतूक, पाऊस, वाळवी आणि उंदीर यांच्यामुळे होणारी नासाडी १५ टक्के धरली, की साडेदहा टनांची गरज निघते. हा आकडा पाहून बरेच जण दचकतात. तो जनावरे आणण्याआधीच पाहिलेला बरा. उन्हाळा लांबला किंवा पाऊस फसला, तर पुढचे वर्ष गाठायला दोन महिन्यांची जादा वैरण हाताशी असावी. १९७२ चा दुष्काळ आठवणाऱ्या घरांत नवी गंजी पूर्ण रचून झाल्याशिवाय जुन्या गंजीतील शेवटची पेंढी कधी काढत नसत. पुढे २०१२-१३ आणि २०१८-१९ मध्ये माण, सांगोला, बीड या भागांतील शेतकऱ्यांना जनावरे घेऊन चारा छावण्यांत राहावे लागले. छावणीत जनावर जगते, पण दुधाचा धंदा मोडतो, आणि घरातील एक माणूस तिथेच अडकून पडतो.

कडबा विकत घेताना

रब्बी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते. आमच्याकडे ताटे मुळासकट उपटतात, ती रानातच पसरून वाळवतात, कणसे खुडतात आणि मग पेंढ्या बांधतात. पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा होतो आणि विक्री शेकड्यावर, म्हणजे शंभर पेंढ्यांच्या हिशेबाने चालते. खरेदीतील खाचखळगे इथेच असतात, कारण पेंढीचे वजन ठरलेले नसते. एका रानातील पेंढी सव्वा किलोची असते, तर दुसऱ्या रानातील अडीच किलोची भरते. म्हणून गंजीच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या थरातून मिळून दहा पेंढ्या काढून ताणकाट्यावर तोलाव्यात, सरासरी वजन काढावे आणि शेकड्याचा दर किलोवर आणून मगच दोन विक्रेत्यांची तुलना करावी. दोन किलोंची पेंढी धरली, तर वरच्या गोठ्याला ५,२५० पेंढ्या, म्हणजे १,०५० पाचुंदे लागतील.

तोलण्याच्या आधी एक पेंढी सोडून पाहावी. चांगल्या कडब्याचा रंग पिवळसर-हिरवा असतो, पाला पुष्कळ असतो, दांडा चघळला तर गोडसर लागतो आणि वासाने रानाची आठवण येते. राखाडी किंवा काळे ठिपके, कुबट वास, हाताला लागणारी पांढरी भुकटी आणि पेंढीच्या मध्यभागी जाणवणारी ओल या चारांपैकी एकही गोष्ट आढळली तर ती गंजी सोडून द्यावी. चिकटा, म्हणजे मावा किडीचा चिकट स्राव, पडलेल्या ज्वारीचा पाला काळपट व चिकट असतो. असा कडबा जनावरे नाइलाजाने खातात आणि निम्मा तुडवतात.

माझ्या सुरुवातीच्या वर्षी अवकाळी पावसात भिजलेला कडबा एका व्यापाऱ्याने जवळजवळ निम्म्या दरात देऊ केला आणि पैसे वाचले या आनंदात मी दोन ट्रॉल्या उतरवून घेतल्या. वरून तो वाळलेला दिसत होता. आठ दिवसांत म्हशीने गव्हाण फुंकून तोंड बाजूला वळवायला सुरुवात केली, तिचे दूध निम्म्यावर आले आणि शेवटी त्या कडब्याचा मोठा भाग उकिरड्यावर गेला. तो खत म्हणून उपयोगी पडला, एवढेच त्याबद्दल सांगता येईल. ओला असताना गंजीत गेलेला चारा आतून बुरसटतो आणि बुरशीची विषे नंतर कितीही वाळवले तरी निघून जात नाहीत. भाताच्या बुरशीयुक्त पेंढ्याने म्हशींच्या शेपटीचे टोक, कानांच्या कडा आणि खुरांजवळचा भाग सडण्याचा आजार होतो, हे पशुवैद्यकांना चांगले ठाऊक आहे. गाभण जनावराला तर बुरशीची एक काडीही घालू नये.

बांधावरचे गवत स्वतः वाळवणे

ज्यांच्याकडे बांध, पडीक किंवा थोडे कुरण आहे, त्यांनी सगळी वैरण विकत घेण्याची गरज नाही. मारवेल, पवना, शेडा ही दख्खनच्या माळावरची उत्तम गवते आहेत आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबरच्या कडक उन्हात ती दोन-चार दिवसांत वाळतात. सर्वांत महत्त्वाची गोष्ट कापणीची वेळ ही आहे. साधारण निम्मे गवत फुलोऱ्यात आले की कापावे. दिवाळीनंतर बघू, म्हणून थांबले की बी पडते, काडी लाकडासारखी होते आणि कस निघून जातो. त्या गवतात आणि छपरावरच्या गवतात फारसा फरक उरत नाही. कुसळीच्या बाबतीत तर उशीर केल्यास कुसळे जनावराच्या हिरड्यांत आणि जिभेखाली रुततात. कापताना घाणेरी आणि गाजर गवत वेचून बाहेर टाकावे, विशेषतः घाणेरी, कारण हिरवीगार असताना जनावर तिला तोंड लावत नाही, पण कुट्टीत, म्हणजे बारीक तुकडे केलेल्या चाऱ्यात, मिसळली तर ती पोटात जाते व यकृताला इजा करते.

सकाळी दव उडाल्यावर कापणी करावी, गवत पातळ पसरावे आणि दुसऱ्या दिवशी उलटावे. लसूणघास वाळवायचा असेल, तर त्याचा पाला वाळल्यावर झडतो आणि सगळा कस त्या पाल्यातच असतो, म्हणून तो भर उन्हात न उलटता भल्या सकाळी, पाल्यात किंचित नरमाई असताना उलटावा आणि शेवटचे वाळवण सावलीत करावे. ओलावा १५ टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय गंजी रचू नये. हे ओळखायला यंत्र लागत नाही. मूठभर गवत घेऊन पिळावे. काड्या कडकन मोडल्या आणि पेरे दाबल्यावर ओले लागले नाही, तर गवत तयार आहे. शंका वाटल्यास गवताचे बारीक तुकडे कोरड्या बरणीत घालावेत, त्यात चमचाभर कोरडे मीठ टाकून झाकण लावावे आणि दोन मिनिटे हलवावे. मीठ सुटे राहिले तर गवत वाळले आहे. त्याचे खडे झाले तर आणखी एक दिवस ऊन द्यावे.

गंजी कशी रचावी

गंजीची जागा उंचवट्यावर, पाणी न साचणारी, गोठ्यापासून आणि घरापासून निदान पन्नास फूट दूर असावी व तिच्यावरून विजेची तार जात नसावी. तळाला दगड मांडून त्यावर तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा (तुरीच्या किंवा कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा) फूटभर थर द्यावा, म्हणजे जमिनीची ओल आणि वाळवी लगेच वर चढत नाही. पेंढ्या रचताना बुडखे बाहेर आणि शेंडे आत ठेवावेत, मधला भाग नेहमी थोडा उंच ठेवावा, म्हणजे प्रत्येक पेंढीचा उतार बाहेर राहतो व आत शिरू पाहणारे पाणी बाहेरच ओघळते. माथा घराच्या पाख्यांसारखा दोन्ही बाजूंनी उतरता करून त्यावर जाड ताडपत्री घालावी आणि दोरीला दगड बांधून ती ताणून धरावी. वळवाचा पाऊस वाऱ्याबरोबर येतो, सैल ताडपत्री पहिल्याच वादळात उडते आणि नेमका त्याच रात्री कडबा भिजतो, म्हणून हे काम एप्रिलच्या आत उरकलेले असावे.

नव्याने रचलेल्या गंजीत पहिले तीन आठवडे दर दोन-तीन दिवसांनी लांब लोखंडी गज मध्यापर्यंत खुपसून दहा मिनिटांनी बाहेर काढावा. तो हाताला कोमट लागला तर लक्ष ठेवावे. हातात धरवत नसेल, तर आतील ओलाव्यामुळे चारा तापत आहे असे समजून गंजी तत्काळ, पण पाणी जवळ ठेवून, उलगडावी. अशा तापलेल्या गंज्या आपोआप पेटू शकतात. रोजची वैरण काढताना वरचा माथा उघडू नये. पावसाच्या विरुद्ध बाजूने उभी कापल्यासारखी एक-एक फळी उतरवावी. हात घालण्यापूर्वी काठीने पेंढ्या हलवाव्यात, कारण उंदरांच्या मागे साप येतात आणि घोणस किंवा फुरसे कडब्याच्या रंगात सहज मिसळून जाते.

कुट्टी करणे

अख्खी पेंढी गव्हाणीत टाकली की जनावर पाला खाते, शेंडे खाते आणि दांडे पायाखाली ओढते. कुट्टी केल्याने ही नासाडी खूप कमी होते आणि हिरवा चारा व वाळली वैरण एकजीव करता येते. तुकडे २ ते ४ सेंटिमीटर लांबीचे असावेत. फार बारीक, भुशासारखी कुट्टी केल्यास रवंथ कमी होते आणि वैरण घालण्याचा मूळ हेतूच निघून जातो. उपटलेल्या ज्वारीच्या मुळांना माती असते. ते बुडखे कोयत्याने तोडून मगच पेंढी यंत्रात घालावी, अन्यथा पात्यांची धार आठवड्यात जाते आणि माती जनावराच्या पोटात जाते.

पेंढीचे बंध तारेचे असतील तर ते मोजून काढावेत आणि मोजून बाजूला ठेवावेत. गाय-म्हैस अन्न निवडून चावत नाही, गिळून नंतर रवंथ करते, म्हणून तारेचा तुकडा किंवा खिळा थेट पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात जाऊन पडतो व तेथून हृदयापर्यंत घुसू शकतो. यंत्राच्या तोंडापाशी एक चांगले चुंबक बसवणे, हा या बाबतीतला सर्वांत स्वस्त विमा आहे.

यंत्राविषयी एक गोष्ट मी प्रत्येक नव्या माणसाला आवर्जून सांगतो. कडबा कुट्टी यंत्राने बोटे आणि हात गमावलेली माणसे आमच्या भागात गावोगावी भेटतील. चारा अडकला की तो हाताने लोटायचा नाही, दुसऱ्या पेंढीने किंवा लाकडाने लोटायचा. रूळ उलटे फिरवण्याची सोय नसेल तर आधी बटण बंद करायचे. उपरणे, ओढणी, साडीचा पदर आणि सैल बाह्या यांच्यासह यंत्राजवळ उभे राहायचे नाही. मुलांना त्या खोलीत येऊ द्यायचे नाही. मुख्य बटण चारा घालणाऱ्याच्या हाताशी असावे, मागच्या भिंतीवर असू नये.

रोज कसे घालावे

नव्या जनावराला पहिल्या दिवसापासून आपल्या पद्धतीने खाऊ घालू नये. ते आधी काय खात होते, हे विक्रेत्याला विचारून घ्यावे आणि नवी वैरण थोडी थोडी वाढवत दहा-बारा दिवसांत पूर्ण बदल करावा, कारण पोटातील सूक्ष्मजीवांना नव्या चाऱ्याशी जुळवून घ्यायला तेवढा वेळ लागतो.

माझ्या गोठ्यात सकाळची धार झाली की प्रथम वाळली कुट्टी पडते आणि अर्ध्या-पाऊण तासाने हिरवा चारा मिसळला जातो. उपाशीपोटी दवाचा ओला लसूणघास खाल्ल्याने पोटफुगी होते. आधी पोटात वाळलेले गेले असेल, तर हा धोका कमी होतो. दुपारी थोडी, संध्याकाळच्या धारेनंतर हिरव्यासह पुन्हा एकदा आणि रात्री नऊच्या सुमारास वाळल्या वैरणीचा सर्वांत मोठा वाटा, असे चार वेळा घालावे. वाळली वैरण पचताना शरीरात उष्णता निर्माण होते, म्हणून मार्च ते मे या काळात रात्रीचा वाटा आणखी वाढवून दुपारचा कमी करावा. कुट्टीवर पाण्याचा हलका शिपका मारला की धूळ बसते आणि जनावर ठसकत नाही. त्यातच मिठाचे पाणी वापरले तर चवही येते. मात्र भिजवलेली कुट्टी त्याच वेळेपुरती करावी, ती आंबू देऊ नये.

प्रत्येक मोठ्या जनावराला रोज ५० ग्रॅम क्षार मिश्रण आणि २५ ते ३० ग्रॅम मीठ द्यावे. वाळल्या वैरणीबरोबर पाणी तोडून चालत नाही. ४०० किलोंच्या गाईला ४० ते ६० लिटर आणि वर दुधाच्या प्रत्येक लिटरमागे ३ ते ५ लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहून जास्त लागते. दिवसातून दोनदा बादली दाखवण्यापेक्षा समोर हौद भरलेला असणे कधीही चांगले.

गव्हाणीत मोठ्या जनावराला दोन ते अडीच फूट रुंद जागा हवी, नाहीतर मारकी म्हैस शेजारणीचे खाते. सकाळी गव्हाणीत पाच ते दहा टक्के उष्टे उरले, तर प्रमाण बरोबर आहे असे समजावे. गव्हाण चाटूनपुसून स्वच्छ असेल, तर जनावर अर्धपोटी आहे. उष्ट्यावरच नवा चारा न ओतता गव्हाण आधी झाडून घ्यावी. ते उष्टे भाकड जनावराच्या गव्हाणीत किंवा खताच्या खड्ड्यात जावे.

शेळ्यांची रीत वेगळी आहे. जमिनीवर पडलेला किंवा तुडवलेला चारा शेळी तोंडात घेत नाही, म्हणून तिच्यासाठी छातीच्या उंचीवर जाळीची किंवा फळ्यांची गव्हाण करावी आणि प्रत्येकीला फूटभर जागा द्यावी. तिला कडब्याची कुट्टी थोडी आणि तुरीचे-हरभऱ्याचे भुसकट जास्त द्यावे. शेवरी, सुबाभूळ, अंजन यांचा पाला सुकवून ठेवला, तर पावसाच्या झडीत तो फार उपयोगी पडतो. वासरांपुढे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून मऊ, पानेदार वाळले गवत मूठभर ठेवावे. ते सुरुवातीला नुसते हुंगतात, पण त्या चघळण्यातूनच त्यांच्या पोटाचा मोठा कप्पा वाढू लागतो.

निकृष्ट वैरणीवर युरियाची प्रक्रिया

भाताचा पेंढा, गव्हाचे काड किंवा कस गेलेला पण बुरशी नसलेला कडबा यांचे पोषणमूल्य युरियाने वाढवता येते. १०० किलो कोरड्या वैरणीसाठी ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवावा. प्लॅस्टिकच्या कागदावर वैरणीचा थर पसरून त्यावर झारीने द्रावण सारखे शिंपडावे, पायांनी तुडवून दाबावे, पुन्हा थर आणि पुन्हा द्रावण असे करत ढीग रचावा आणि तो हवाबंद झाकून २१ दिवस तसाच ठेवावा. उघडल्यावर वैरण पिवळसर-तपकिरी व मऊ झालेली दिसते आणि अमोनियाचा उग्र वास येतो. रोज लागेल तेवढीच बाहेर काढून तासभर मोकळ्या हवेत पसरावी, वास उडू द्यावा आणि मग घालावी. पहिल्या आठवड्यात ती नेहमीच्या वैरणीत थोडी थोडी मिसळावी.

या प्रक्रियेत अंदाजाला जागा नाही. युरिया आणि पाणी दोन्ही मोजूनच घ्यावे. न विरघळलेले खडे वैरणीत राहू देऊ नयेत. उरलेल्या द्रावणाची बादली गोठ्यात क्षणभरही ठेवू नये, कारण ते पाणी प्यालेले जनावर थोड्याच वेळात दगावू शकते. सहा महिन्यांच्या आतील वासरांना, तसेच घोडा-गाढव यांना ही वैरण अजिबात देऊ नये. जनावर थरथरू लागले, तोंडाला फेस आला किंवा पोट फुगले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता पशुवैद्यकाला बोलवावे.

जनावर काय सांगते

हिशेब कागदावर बरोबर असला, तरी निकाल जनावराच्या अंगावर दिसतो. दुपारी गोठ्यात जाऊन शांत उभे राहावे. बसलेल्या जनावरांपैकी निम्म्याहून अधिक रवंथ करताना दिसली पाहिजेत. एका घासाला गाय पन्नास-साठ वेळा चघळत असेल, तर तंतूंचे प्रमाण ठीक आहे. शेण पडल्यावर लापशीसारखे पसरून मध्ये किंचित उंच राहावे. ते पाण्यासारखे असेल तर वाळली वैरण वाढवावी. गोळ्यांसारखे कडक असेल तर पाणी आणि हिरवा चारा कमी पडतो आहे. डाव्या भकाळीचा, म्हणजे बरगड्यांमागच्या कुशीचा, खळगा संध्याकाळीही खोल दिसत असेल, तर जनावराने दिवसभर पुरेसे खाल्लेले नाही. हीच भकाळी ढोलासारखी ताठ वर आली, तर ती पोटफुगी आहे आणि तेथे विलंब परवडत नाही.

या नोंदींसाठी गोठ्यात एक वही टांगून ठेवावी. दर महिन्याच्या एक तारखेला गंजीतील उरलेल्या पेंढ्या मोजून लिहाव्यात आणि रोजच्या खर्चाने त्यांना भागून किती दिवस पुरतील ते पाहावे. नोव्हेंबरच्या मोजणीत वैरण मार्चपर्यंत पोहोचणार नाही असे दिसले, तर रानात ज्वारी उभी असतानाच शेजारच्या शेतकऱ्याशी कडब्याचा सौदा करावा किंवा भाकड जनावर त्याच महिन्यात विकावे; मेमध्ये दोन्ही गोष्टी घाट्यातच कराव्या लागतात. नवी गंजी दुसऱ्या जागी रचून झाली की जुनी गंजी पूर्ण संपवून तिचा तळ उकरावा, वाळवीची वारुळे काढून टाकावीत, दगड उन्हात तापू द्यावेत आणि मगच त्या जागेवर पुढच्या गंजीची पहिली पेंढी ठेवावी.